पाचव्या प्रश्नाचं उत्तर

परवापासून टेबलावर एक फॉर्म पडून होता. तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या मृत्यूचा दाखला अजून नगरपालिकेतून मिळायचा आहे, पण लायसन्सचा फॉर्म मात्र घरात आला. सुधीरने वर्ध्याहून आणला. दोन महिन्यांपूर्वी गणपत ड्रायव्हर एसटीत लागला तेव्हापासून जीप उभी आहे, कापडाचे गठ्ठे दुकानात पडून आहेत, आणि बाजार काही कोणासाठी थांबत नाहीत. म्हणून आता हा चालवणार म्हणतो. "आई, तुह्यं अक्षर चांगलं हाय, तूच भर," म्हणून माझ्यासमोर ठेवून गेला. अगदी तुम्ही ठेवायचात तसाच.

बाकीचं सगळं भरलं. नाव, वय एकोणीस, पत्ता पुलगाव. वडिलांच्या नावाआधी 'कै.' लावताना पेन जरा अडलं, पण लावलं. पाचव्या प्रश्नापाशी आले आणि पेनाला टोपण घालून उठले.

तो प्रश्न तुम्हाला तोंडपाठ होता. "तुम्हाला अपस्माराचे, किंवा एकाएकी घेरी अथवा मूर्च्छा येण्याचे झटके येतात काय?" पुढे छोटीशी रेघ. त्या रेघेवर एकच शब्द मावतो. सुधीर म्हणाला, 'नाही' लिही. आणि मागच्या दसऱ्याला हाच मुलगा अंगणात पडला होता, दातखीळ बसली होती, हातपाय झाडत होता. उठल्यावर तुमच्याकडे बघून काय म्हणाला? "काही नाई, पित्त झालं." आणि तुम्ही मान डोलावलीत! डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर दोघेही एका सुरात म्हणालात, कायले? तुम्हा बापलेकांच्या 'पित्त' या एका शब्दाने माझं डोकं फिरतं. तुम्ही असतात तर समोर बसवून जाब विचारला असता. नाही आहात, म्हणून लिहून विचारते. तशीही मास्तरीण आहे, लिहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही, असं तुम्हीच म्हणायचात.

हे पित्त आपल्या संसारात सासूबाईंनी आणलं. लग्नाला चार महिने झाले असतील. तुम्ही दुकानात मांजरपाटाचा तागा मोजत होतात आणि मोजता मोजता आडवे झालात. तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी किंचाळले. सासूबाई स्वयंपाकघरातून शांतपणे आल्या, हातातला कांदा उंबऱ्यावर ठेवून बुक्कीने फोडला आणि तुमच्या नाकाशी धरला. "घाबरू नको वं. त्याले पित्त हाय. कांदा जवळ ठेवत जाजो." मी नाचणगावच्या शाळेत शिकवत होते. पित्त कशाला म्हणतात आणि फीट कशाला म्हणतात, एवढं मला कळत होतं. पण नव्या सुनेने सासूला शब्दाचा अर्थ कसा शिकवायचा? मी गप्प बसले. ते माझं पहिलं गप्प बसणं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

मग काय, सगळ्या गल्लीला तुमचं पित्त ठाऊक झालं. कोणी आवळ्याचा मुरंबा आणून देई, कोणी जिरं-साखर. शेजारच्या काकू थंड दूध घेऊन यायच्या. तुम्ही ते सगळं निमूट खाल्लंत, प्यायलात, वर गुण आला म्हणून सांगितलंत. खरं सांगून एक गोळी घेणं तेवढं जड गेलं. "फीटवाला" म्हणतील, दुकानात गिऱ्हाईक येणार नाही, सुधीरला कोणी मुलगी देणार नाही. सुधीर तेव्हा पाळण्यात होता!

बहात्तर साली तुम्ही लिलावातली ती जुनी जीप घेतलीत. कापडाचे गठ्ठे बैलगाडीने नेणं परवडेना, आणि बाजार तर दूरदूरचे, देवळी, सेलू, हिंगणी. मी हात जोडून म्हटलं, गाडी घ्या पण चालवायला माणूस ठेवा. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये डाव्या बाजूला बसवलंत आणि हँडब्रेक दाखवलात. "हे पाह्य. हे असं वर वढायचं. अन् ही चाबी अशी फिरवायची. बस." झाली माझी शिकवणी. रविवारी, सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसायची, उजवा हात हँडब्रेकजवळ आणि मांडीवर कांदा. लोकांना वाटायचं, काय हौस आहे मास्तरणीला नवऱ्याबरोबर फिरायची! पुढे बघायला मला कधी फुरसत मिळालीच नाही. मी तुमच्या ओठांकडे बघत असायची. ते आपोआप हलायला लागले, काही चघळल्यासारखे, की समजायचं. पुलगाव ते हिंगणी हा सगळा रस्ता मी तुमचं तोंड बघत केलाय. तुम्ही मला गाडी चालवायला नाही, थांबवायला शिकवलंत.

शाळेच्या दिवशी तुमच्याबरोबर भाऊराव असायचे. भांडीवाले भाऊराव, तुमचे लहानपणापासूनचे मित्र. गठ्ठ्यांवर त्यांची पातेली बांधायची आणि दोघांनी बाजाराला जायचं. त्यांनाही तुम्ही पित्तच सांगितलं होतं. डॅशबोर्डच्या खणात मी रोज सकाळी एक कांदा ठेवायची, आणि एके दिवशी भाऊरावांनी तो भाकरीबरोबर खाऊन टाकला. वर घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, रोज एक कांदा ठेवता, दोन ठेवत जा ना. आमी दोघं असतो." मी आत जाऊन आधी रडले आणि मग इतकी हसले की पोट दुखलं. दुसऱ्या दिवसापासून दोन ठेवायला लागले. भाऊराव दोन्ही खायचे. तेव्हा मी फार चिडले होते, पण आता वाटतं, बरं झालं. कांद्याने काही होत नाही, हे पुढे डॉक्टरांनीच सांगितलं. कुशीवर वळवायचं आणि वाट बघायची, एवढंच म्हणाले. इतकी वर्षं मी कांदे फोडत बसले होते.

आता फॉर्मचं. पहिला फॉर्म तुम्ही आणलात तेव्हा मीच भरला. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पाचव्या प्रश्नाशी मी थांबले, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच म्हणालात, "लिही ना. काऊन थांबली?" मी 'नाही' लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात, ठळक. वर्गात पोरं खोटं बोलली तर त्यांना अंगठे धरायला लावणारी मी. मुदत संपली, पंच्याहत्तर साली दुसरा फॉर्म आला, तेव्हाही लिहिलं. त्या वेळी थांबलेसुद्धा नाही.

भांडण करायचो आपण. किती वेळा केलं! तुमचा मुद्दा ठरलेला. "मानूस दारू पिऊन ट्रक चालवते, त्याले लायसन्स. तो जाम गावचा टायरवाला एका डोळ्यानं आंधळा हाय, त्याले लायसन्स. अन् मले वर्षातून दोनदा पित्त होते तं मी गुन्हेगार?" मी म्हणायची, दारूड्याला घरी बसवा, तुम्हीही बसा. तुम्ही म्हणायचात, मंग बाजार कोन करन, तू? आणि भांडण तिथेच संपायचं, कारण भाजी करपलेली असायची. ते भांडण अजून अर्धंच राहिलंय. मला अजून सांगायचं होतं की, त्या टायरवाल्याला निदान ठाऊक तरी आहे कोणत्या बाजूचं दिसत नाही. तुम्हाला तर कधी दिसायचं बंद होईल, हेच ठाऊक नव्हतं.

मग अठ्ठ्याहत्तरची दिवाळी झाली आणि तो हिंगणीचा रविवार आला. मी शेजारी होते, म्हणून सगळे वाचले. मागे गठ्ठ्यांवर दोन बायका बसल्या होत्या, एकीच्या कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. तुम्हीच रस्त्यात त्यांना हाक मारून बसवलं होतंत, बाया-माणसं उन्हात कायले चालत जाते म्हणून. धरणाच्या अलीकडच्या वळणावर तुमचे ओठ हलले. मी हाक मारली. तुमचे हात स्टेअरिंगवर ताठ झाले, पाय दाबलेला तसाच, आणि जीप वळण सोडून कपाशीत शिरली. मी ब्रेक ओढला, चावी फिरवली. पऱ्हाट्या मोडत मोडत गाडी एका विहिरीच्या काठाशी थांबली. काठापासून किती हात, ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बाळ रडत होतं, आणि त्या रडण्यासारखं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

लोक जमले. कोणीतरी पायातली चप्पल काढून तुमच्या नाकाला लावली. तुम्ही शुद्धीवर आलात, चप्पल झटकलीत आणि म्हणालात, "कुत्रं आडवं आलं." मग हळूच मला, "पित्त झालं वं." आणि चावी मागितलीत! मी चावी पोलक्यात टाकली आणि पायी चालायला लागले. तुम्ही मागून ओरडत होतात, "अवं, लोक पाहून राह्यले!" पाहू देत. मला त्या क्षणी तुम्ही आवडत नव्हतात, हेही आज सांगून टाकते.

पंधरा दिवसांनी तिसरा फॉर्म आला. तुम्ही नेहमीसारखा माझ्यासमोर ठेवलात. मी बाकीचं भरलं, आणि पाचव्या रेघेवर 'होय' लिहिलं. तुम्हाला दिला, तुम्ही न वाचता सही ठोकलीत. वाचलं असतंत तरी दिसलं नसतं. चाळिशी लागून वर्ष झालं होतं, पण चष्मा घ्यायचा नाही, कारण आरटीओच्या साहेबाने चष्मा बघितला तर लायसन्स जाईल! लांबच्या गाडीचा नंबर घडाघडा वाचायचात आणि हातातला कागद वाचता येत नव्हता. तुमचाच हट्ट माझ्या कामी आला. खिडकीतून तुम्हाला वर्ध्याच्या आरटीओ कॅम्पला जाताना बघत होते. भाऊराव बरोबर होते. इस्त्रीचा सदरा घातला होता तुम्ही. त्या सदऱ्याकडे बघून मला वाटलं, धावत जावं आणि कागद हिसकावून घ्यावा. नाही गेले.

तुम्ही परत आलात ते हात हलवत. लायसन्स नाही. दारातच चपला फेकल्यात. "त्या साहेबानं अडवलं. म्हने, डॉक्टरचा कागद आन. त्याले चहापानी पायजे होतं, दुसरं काय!" मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवसापासून आठ वर्षं तुम्ही त्या साहेबाला शिव्या दिल्यात. पाहुणे आले की ती गोष्ट, लग्नात पंगतीला बसलो की ती गोष्ट. "एका मानसानं माहं लायसन्स खाल्लं." मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, नको. त्या साहेबाच्या अंगावर आहे तेच बरं आहे.

गणपतला ड्रायव्हर ठेवला. तुम्ही माझ्या जागेवर बसायला लागलात, डावीकडे, आणि त्या बिचाऱ्याचा जीव खायला लागलात. क्लच असा सोड, गिअर तसा टाक. गोळ्याही सुरू केल्यात, पण माझ्यावर उपकार म्हणून. "तुह्या समाधानासाठी," असं म्हणून रोज एक गिळायचात. आणि ऐका, त्या गोळ्यांनी फीट थांबली. आठ वर्षांत एकदाही आली नाही. मग तुम्ही म्हणायला लागलात, आता 'नाही' लिहिलं तं खोटं नाई ना? मी म्हणायची, डॉक्टरना विचारू, त्यांनी कागद दिला तर लिहीन. तुम्ही कधी विचारायला आला नाहीत. नवा फॉर्मही कधी आणला नाहीत. मला वाटायचं, आळस. यातलं काही माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

आणि मग हे, सोळा दिवसांपूर्वीचं. दुपारची वेळ, दुकानात तुम्ही, मी शाळेतून नुकतीच आलेली. छातीवर हात ठेवून म्हणालात, "पित्त झालं वं. जरा थंड दूध दे." एकवीस वर्षं मी त्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. ओठ हलत नव्हते, हात ताठ नव्हते, म्हणजे फीट नाही. म्हणजे खरंच पित्त असेल, असं मला वाटलं. मी दूध आणलं. तुम्ही अर्धा पेला प्यालात, पेला माझ्या हातात दिलात आणि मान टाकलीत. एक शब्द नीट वापरला असतात हो आयुष्यात! छातीत दुखतंय, एवढंच म्हणाला असतात तर मी सगळी गल्ली गोळा केली असती. कोणाला सांगू हे? जो येतो तो म्हणतो, भाग्यवान माणूस, त्रास न होता गेला. त्यांना काय माहीत, त्रास न दाखवता जायची तुम्हाला सवयच होती.

परवा तेरवीनंतर भाऊराव पुन्हा आले. ओसरीवर बसले, चहा घेतला नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट पोटात ठेवली हाय आठ वर्षं. त्यानं शपथ घातलती. आता तो नाई, तं सांगतो."

कॅम्पमध्ये साहेबाने फॉर्म बघितला. भाऊरावांच्याच शब्दांत लिहिते. "साहेब म्हने, अरे, इथं 'होय' लिहिलं हाय. तुमाले फीट येते काय? चुकीनं लिहिलं असन तं दुसरा फॉर्म घ्या, बाहेर बसून भरा. लय भला मानूस. मी म्हटलं, घे बाप्पा दुसरा. त्यानं कागद हातात घेतला, असा लांब धरून पाह्यला. लय वेळ पाह्यला. मंग साहेबाले म्हने, नको साहेब. माही बायको मास्तरीण हाय. तिची चूक होत नाई."

मी भाऊरावांना विचारलं, मग? ते म्हणाले, "बाहेर येऊन बाभळीखाली बसून राह्यला. मले म्हने, घरी सांगू नको. तिले वाटू दे का साहेबानंच अडवलं. नाईतं ती स्वतःचा जीव खात राहीन."

धन्य आहे तुमची! म्हणजे मी जीव खाऊ नये म्हणून तुम्ही आठ वर्षं एका भल्या माणसाला शिव्या दिल्यात, आणि मी त्या शिव्या ऐकत आठ वर्षं जीव खाल्ला. एका घरात, एका ताटाशी बसून. मला एकदा म्हणायचं होतंत, 'वाचलं मी.' दोन शब्द. मी रडले असते, भांडले असते, तुमच्या पाया पडले असते. आणि हो, आनंदाने वेडी झाले असते. तुम्ही माझं ऐकलं होतं. माझ्या अक्षराला तुम्ही साहेबासमोर मान दिलात, आणि मला ते तुम्ही गेल्यावर भांडीवाल्याकडून कळावं? इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की मी आत जाऊन तुमचा सदरा घडी घालत बसले. चार वेळा घातली घडी.

आज सकाळी सुधीरला बोलावलं. म्हटलं, बस. प्रश्न मोठ्याने वाचला. तो म्हणाला, "लिही ना नाही. बाबा पन नाहीच लिहत होते."

"बाबा नाई, मी लिहत होती," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. कांदा, हिंगणीचं वळण, विहिरीपासून किती हात तेसुद्धा. साहेब, बाभूळ आणि बाबा काय म्हणाले ते. तो खाली बघत होता. त्याच्यासमोर 'होय' लिहिलं. या वेळी सही करण्याआधी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, वाच. त्याने वाचला. उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले की फीट नाही, तर फॉर्म नव्याने भरू. म्हणाले आहे, तर गोळ्या आहेत, आणि त्या उपकार म्हणून घ्यायच्या नाहीत.

कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "मंग जीप कोन चालवन?"

मी म्हटलं, "वर्ध्याहून अजून एक फॉर्म आन. माह्या नावाचा."

तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "तुले येते काय?"

"थांबवता येते. अर्धं झालंच."

तुम्ही विचारलं होतंत ना, बाजार कोन करन, तू? हो, मी. रविवारचे तरी. गणपतला सांगितलंय, सुट्टीच्या दिवशी येऊन क्लच शिकवून जा. फॉर्म आला की तो मीच भरीन, माझ्याच अक्षरात. आणि पाचव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहीन. या घरातून त्या रेघेवर गेलेलं ते पहिलं खरं 'नाही' असेल.